सासऱ्यांचं रविवारचं सूप आणि दोन ग्रॅमचा घोळ

पथ्यपाणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. जूनमध्ये पायांवर सूज आली, जिना चढताना दम लागायला लागला, म्हणून दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदयाचं पंपिंग कमी झालंय असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडताना कागदावर लिहून दिलं : '२ ग्रॅम सोडियम, दीड लिटर पाणी, तेलकट बंद.' आमच्याकडे रविवारी चर्चहून आल्यावर बीफचं सूप असतं. ही सासूबाईंची पद्धत. नळ्या, बटाटा, मॅकरोनी, सूपचे दोन क्यूब आणि वरून पिवळं बटर. सासूबाई आता नाहीत, पण सूप चालू आहे. पप्पा म्हणतात, सूप बंद करणार असाल तर मला रविवारी जेवायलाच वाढू नका. मी मीठ, क्यूब, बटर सगळं काढून एकदा करून बघितलं. त्यांनी एक चमचा घेतला आणि वाटी सरकवून दिली. शेजारच्या काकू म्हणतात, लो-सोडियम मीठ आण, ते कितीही चालतं. २ ग्रॅम म्हणजे चिमूटभरच ना? त्यात सूप कसं करायचं?
— एक सून, वानवडी

उत्तर : तो कागद आधी पुन्हा बघा. त्यावर २ ग्रॅम सोडियम लिहिलंय. मीठ आणि सोडियम एक नव्हे. मिठात सोडियम साधारण ४० टक्के असतं, बाकीचं क्लोराइड. तेव्हा २ ग्रॅम सोडियमचं दिवसाला ५ ग्रॅम मीठ होतं. मोजमापाचा ५ मिलीचा चमचा सपाट भरला तर त्यात जवळपास ६ ग्रॅम मीठ बसतं, म्हणजे पप्पांच्या वाट्याला चमच्याला थोडं कमी इतकं मीठ आहे. तुम्ही समजलात त्याच्या कितीतरी पट! मात्र हा हिशेब दिवसभराचा, सगळ्या खाण्याचा मिळून. दूध, अंडी, मांस, गाजर यांत मुळातच थोडं सोडियम असतं, ते वजा केलं की वरून घालायला ३ ते साडेतीन ग्रॅम मीठ हाताशी राहतं.

मी एका रुग्णालयाच्या आहार विभागात नोकरी केली. घरी सोडायच्या दिवशी एक नातेवाईक बिलाच्या रांगेत, दुसरा औषधांच्या दुकानात, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, आणि अशा वेळी आहाराचा कागद हातात पडतो. तो कोण नीट ऐकणार? म्हणून पुढच्या तपासणीला जाताना चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहून न्या. सोडियम किती हे कळलं, पण पोटॅशियमचं बंधन आहे का? दीड लिटरमध्ये चहा-दूध-सूप धरायचं का? (धरायचंच असतं, तरी विचारा.) आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पालेभाज्यांचं काय? उत्तरं मिळाली की माझ्या आकड्यांपेक्षा त्यांचे आकडे खरे.

आता काकूंच्या लो-सोडियम मिठाचं. ते आणू नका. त्यात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या काही शरीरातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देत नाहीत. वरून हे मीठ 'कितीही' घातलं तर रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डॉक्टरांनी स्वतः सांगितलं तरच ते घरात यावं. काकूंना राग येईल, येऊ दे.

सासूबाईंच्या सूपमध्ये मीठ कुठून येत होतं ते बघा. १० ग्रॅमच्या एका सूप क्यूबमध्ये ४ ते ५ ग्रॅम मीठ सहज असतं. असे दोन टाकले की पप्पांचा दोन दिवसांचा कोटा एका पातेल्यात गेला, आणि अजून बरणीला हात लागलेला नाही. बटर खारं. सोबत पाव असेल तर त्यातही मीठ. काही घरांत मोठ्याचं मटण, म्हणजे बीफ, लवकर शिजावं म्हणून चिमटीने खाण्याचा सोडा घालतात. तो नावानेच सोडियम आहे, अर्ध्या चमच्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात ९०० च्या घरात. विकतच्या आलं-लसूण पेस्टमध्ये टिकण्यासाठी मीठ असतं, विकतच्या कांदा-लसूण मसाल्यात असतं, आगळात तर भरपूर असतं आणि बऱ्याचदा आमसुलांनाही मीठ लावलेलं असतं. पाकिटावर सोडियमचा आकडा छापलेला असेल तर त्याला अडीचने गुणा, मीठ किती ते कळेल.

हे सगळं तुम्ही एका रविवारी काढून टाकलंत आणि त्या जागी काहीच घातलं नाहीत. पप्पांनी वाटी सरकवली यात नवल नाही. मीही सरकवली असती.

चव आणायची तर मांसापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्यानेच बंद होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे पुण्यात बीफ म्हणून जे मिळतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. आपल्या दृष्टीने यात एक फायदा आणि एक तोटा. फायदा असा की ते गायीबैलाच्या मांसापेक्षा कमी चरबीचं असतं, आणि असेल ती चरबी पांढरी, वेगळी दिसणारी, सुरीने सहज काढता येणारी. तोटा असा की त्याला वेळ लागतो. इंग्रजी पुस्तकांतल्या कृतींमधली वेळ आपल्याकडे पुरत नाही आणि मग सोड्याची बुद्धी सुचते.

कॅम्पात शिवाजी मार्केटला जात असाल तर सकाळी लवकर जा आणि अंडरकट, म्हणजे कमरेतला सगळ्यांत मऊ भाग, मागू नका. तो महाग, आणि सूपमध्ये त्याचा चोथा होतो. पायाचं, नळीला लागून असलेलं, मधे पांढरे पापुद्रे दिसणारं मांस अर्धा किलो मागा. हे पापुद्रे बराच वेळ ओल्या उष्णतेत राहिले की विरघळतात, त्यांचं जिलेटिन होतं आणि रस्सा ओठांना चिकटेल इतका दाट लागतो. बटर न घालता बटरची जागा भरून काढणारी गोष्ट हीच. मगज असलेली नळी मात्र पप्पांच्या पातेल्यात नको. मगज म्हणजे जवळपास निव्वळ चरबी. घरातल्या मुलांना हवी असेल तर वेगळी उकडा.

नळ्यांच्या पाण्यात ताकद असते हा आपल्याकडचा पक्का समज. पाया सूप प्यायलं की मोडलेलं हाड जुळतं, असं मला शिकलेल्या माणसांनीही सांगितलंय. नुसत्या गाळलेल्या पाण्यात प्रथिनं थोडी आणि कॅल्शियम नगण्य. अर्धा किलो बिनहाडाच्या मांसात साधारण १०० ग्रॅम प्रथिनं असतात, ती बोट्यांत, म्हणजे मांसाच्या तुकड्यांत. तेव्हा पप्पांनी बोट्या चावून खायच्या. दात नसतील तर शिजल्यावर काट्याने उलगडून द्या, पण मिक्सरमधून काढून पातळ पेज करू नका.

दीड लिटरचं बंधनही इथेच सांभाळायचं. सूपची मोठी वाटी २५० मिली धरली तर त्यांच्या दिवसभराच्या पाण्यातला सहावा हिस्सा गेला. म्हणून हे सूप प्यायचं नाही, जेवायचं. पातेल्यात पाणी थोडं, जिन्नस जास्त. चमचा उभा राहण्याइतकं दाट झालं तर फारच छान.

कृती सांगते. हे सहा वाट्यांचं प्रमाण.

आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मांसाचे इंच-दीड इंचाचे तुकडे धुऊन कापडाने कोरडे करा. ओलं मांस भाजलं जात नाही, उकडलं जातं, आणि सगळी चव भाजण्यात आहे. जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल चांगलं तापवा आणि तुकडे थोडे थोडे करून टाका. टाकल्यावर हलवू नका. आपल्याला सतत परतायची सवय, ती इथे आवरा. खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलटा. सगळे झाले की त्याच कढईत दोन मोठे कांदे उभे चिरून घाला. कांद्याच्या पाण्याने तळाशी चिकटलेलं सुटायला लागेल, ते उलथन्याने खरवडून घ्या. सूपचा क्यूब जे सोंग आणतो, त्याचं मूळ या खरवडीत आहे. कांदे लालसर झाले की ताजा ठेचलेला लसूण सात-आठ पाकळ्या, इंचभर आलं, दोन पिकलेले टोमॅटो. वर दहाएक मिरी जाडसर कुटून, दोन तमालपत्रं, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा.

आणि दगडफूल. अगदी थोडं, बोटाच्या पेरापेक्षा कमी, धुऊन. गोडा मसाला दळायला घरात आणलेलं असेलच. मीठ कमी असलं की पदार्थाला खोली राहत नाही, ती दगडफुलाने येते. पुस्तकी सूपमध्ये ते नसतं याची मला कल्पना आहे.

सव्वा लिटर गरम पाणी घाला आणि सगळं कुकरमध्ये घ्या. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून ४० मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या. बोटी चिमटीत दाबून बघा, दोरे सुटायला हवेत. सुटत नसतील तर आणखी १० मिनिटं. म्हातारी म्हैस असेल तर आणखी १० मिनिटं. कुकर नको असेल तर झाकण ठेवून मंद आचेवर तीन तास, मधेमधे पाणी बघत. मीठ अजून घातलेलं नाही, हे लक्षात आलं असेल.

आता ते पसरट स्टीलच्या भांड्यात काढा, भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये टाका. कुकर झाकण लावून रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. मटणाच्या रस्स्यात वाढणारे काही जंतू उकळीलाही दाद देत नाहीत, कोमट भांड्यात रात्रभरात त्यांचं फावतं. सकाळी वर चरबीची पांढरी पापडी धरलेली दिसेल. ती अख्खी उचलून टाकून द्या. 'तेलकट बंद' यातला मोठा भाग इथेच झाला.

रविवारी चर्चहून आल्यावर फक्त भाज्या. दोन गाजरं, एक नवलकोल, फोडी मोठ्या. लाल भोपळ्याच्या दोन फोडी बारीक चिरून, त्या विरघळून रस्सा दाट करतील. मॅकरोनीऐवजी मूठभर जव आधी तासभर भिजवून घाला. जवाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात, म्हणून जव आधी आणि गाजर मागून. सासवडचा वाटाणा बाजारात असेल तर वाटीभर अगदी शेवटी. डब्यातला वाटाणा नको, तो खारवलेला असतो. बटाट्याशिवाय पप्पा ऐकणार नसतील आणि पोटॅशियमचं बंधन नसेल, तर एक बटाटा घाला.

आणि आता मीठ. मोजमापाचा अर्धा चमचा, सपाट, म्हणजे ३ ग्रॅम. सगळ्या पातेल्याला एवढंच, आणि तेही गॅस बंद केल्यावर. निम्मं पातेल्यात ढवळा. उरलेल्याचे सहा भाग करा आणि वाढताना प्रत्येकाच्या वाटीत वर भुरभुरा. जिभेला पहिल्यांदा वरचं मीठ लागतं, त्यामुळे तेवढंच मीठ जास्त वाटतं. शेवटी लिंबू पिळा, चांगलं अर्धं लिंबू दोन वाट्यांना, आणि ताजी कुटलेली मिरी. आंबट आणि तिखट आलं की मिठाची उणीव बरीचशी झाकली जाते. मांस, भाज्या आणि हे मीठ मिळून एका वाटीत ३०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. दिवसाच्या २००० मधून ३०० म्हणजे रविवारच्या जेवणाला परवडण्यासारखं, फक्त त्या दिवशी लोणचं, पापड, फरसाण यांना रजा.

पावाऐवजी ज्वारीची भाकरी करा. आपल्या भाकरीत मीठ घालायची पद्धतच नाही, हे या रुग्णांचं मोठं भाग्य. सूपमध्ये भाकरी कुस्करून खाल्ली की पोटही भरतं. घरच्या इतरांनाही तेच सूप वाढा आणि मिठाची डबी टेबलावर ठेवू नका. एका माणसाला वेगळ्या भांड्यातलं वाढलं की तो आजारी असल्याची आठवण त्याला प्रत्येक घासाला होते. जीभ कमी मिठाला सरावायला काही आठवडे घेते, तेव्हा पहिल्या रविवारी शाबासकीची अपेक्षा ठेवू नका.

एक गोष्ट सूपाबाहेरची. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पप्पांचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते खाण्याने अंगाला लागलेलं नाही, अंगात पाणी साठलंय. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या नातवाला सीलिॲक आजार असल्याचं निदान झालं. गहू कायमचा बंद. तो अशक्त झालाय, लोह कमी आहे, म्हणून सूनबाई बीफचं सूप करते. सूपमध्ये मैदा लावत नाही, तरी त्याचं पोट बिघडतं. मांस पचत नसेल का?
— एक आजी, कोंढवा

उत्तर : मांसावर संशय घेण्याआधी हिंगाची डबी उलटी करून वाचा. आपल्या घरातला बांधानी हिंग शुद्ध नसतो, त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. फोडणीत रोज चिमूटभर जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पुढचा संशयित सोया सॉस, त्यात बहुतेक वेळा गहू असतो. सूप क्यूब आणि तयार मसाल्यांची पाकिटंही वाचा. वरच्या उत्तरात मी वानवडीच्या सुनेला जव घालायला सांगितलेत, ते तुमच्या नातवाला अजिबात चालणार नाहीत. गव्हातलं ज्या प्रथिनाने हा त्रास होतो ते ग्लुटेन जवातही असतं. शेवया, रवा, मॅकरोनी हे तर तुम्ही बंद केलंच असेल.

सगळं पाळूनही त्रास होत असेल तर गिरणीकडे बघा. ज्वारी-नाचणी तुम्ही स्वच्छ निवडून देता, पण त्याच जात्यावर तुमच्या आधी कुणाचा तरी दहा किलो गहू दळलेला असतो. पहिल्या काही मुठी तर निम्म्या गव्हाच्याच येतात. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, यावरून किती थोडं चालतं त्याचा अंदाज घ्या. घरगुती छोटी चक्की घेऊन ती फक्त याच्यासाठी ठेवणं हा खरा उपाय. ती महाग वाटली तर तांदूळ धुऊन वाळवून मिक्सरवर काढा. पोळीचं पोळपाट-लाटणं आणि तवाही त्याच्यासाठी वेगळे हवेत.

सूप दाट करायला शिजलेला मऊ भात दोन पळ्या घोटून घाला, किंवा नाचणीचं पीठ पाण्यात कालवून. नाचणीने रंग मातकट होतो, मुलं नाक मुरडतात, म्हणून माझं मत भाताला. लोहासाठी मांस उत्तमच, त्यातलं लोह भाज्यांतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं. मात्र आतडं बरं व्हायला महिने लागतात. तोवर लोहाचं औषध डॉक्टर देतील तसं चालू ठेवा, सूपने त्याची जागा भरत नाही.

प्रश्न : वडिलांची किडनी कमजोर आहे. क्रिएटिनिन वाढलेलं, अजून डायलिसिस नाही. तुम्ही मागे पौष्टिक सूपबद्दल लिहिलं होतंत, ते द्यावं का?
— पिंपरी

उत्तर : तसंच्या तसं देऊ नका. मांस आणि भाज्या उकळल्या की त्यांतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं, आणि सूपमध्ये आपण तेच पाणी पितो. हाडं उकळली तर फॉस्फरसची भर. शिवाय डायलिसिसच्या आधी प्रथिनं मोजून द्यायची असतात आणि डायलिसिस सुरू झाल्यावर उलट वाढवायची असतात, त्यामुळे शेजारच्या रुग्णाला काय चालतं ते तुमच्या वडिलांच्या उपयोगाचं नाही. आहारतज्ज्ञांनी मांसाचे किती ग्रॅम सांगितलेत तेवढ्याच बोट्या भरपूर पाण्यात शिजवा, ते पाणी बाजूला काढा (घरातल्या धडधाकट माणसांनी प्यावं), आणि बोट्या दुधी, कोबी अशा आधी उकडून पाणी टाकलेल्या भाज्यांबरोबर कांद्याच्या फोडणीत परतून द्या. टोमॅटो, पालक, बटाटा यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्याला सूप म्हणता येणार नाही. कोरडी भाजी म्हणा.

प्रश्न : युरिक ॲसिड वाढलंय, अंगठा सुजतो. बीफ बंद केलं, पण नुसतं सूप गाळून पितो. ते चालेल ना?
— रास्ता पेठ

उत्तर : उलटं करताय. ज्या प्युरीनमुळे युरिक ॲसिड वाढतं ते पाण्यात विरघळतं, म्हणजे तुम्ही बोटी टाकून नेमकं तेच पिताय. रस्सा बंद. कलेजी, गुर्दा, भेजा बंद. सूज उतरल्यावर उकडून पाणी टाकलेल्या दोन-चार बोट्या कधीतरी चालतील का, ते डॉक्टरांना विचारा. आणि बिअरचा उल्लेख तुम्ही पत्रात केलेला नाही, तरी तीही बंद.

प्रश्न : मराठी मासिकात असल्या पाककृती छापायची गरज काय?
— नाव छापू नये

उत्तर : ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर दिलंय. तेही मराठीतच विचारतात, मराठीतच पथ्य पाळतात. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या नुसत्या चहावरून पुढे टिळक-रानड्यांपर्यंतच्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, झालं होतं, तेव्हा या शहराला अशा पत्रांची सवय आहे. तुमच्या घरी कुणाला मिठाचं पथ्य असेल तर वरच्या कृतीत मांसाऐवजी भिजवलेले अख्खे मसूर आणि चांगले लाल परतलेले मशरूम घाला. कांद्याची खरवड, दगडफूल, लिंबू आणि शेवटी मीठ हे सगळं जसंच्या तसं. वेळ मात्र निम्म्याहून कमी लागेल.

प्रश्न : मी नोकरी करते. रविवारी एकदम मोठं पातेलं करून आठवडाभर आईला सूप दिलं तर चालेल का? आई एकटी असते, गॅस पेटवते पण वाकता येत नाही.
— हडपसर

उत्तर : फ्रीजमध्ये तीन दिवस, त्यापुढचं फ्रीझरमध्ये. मोठं पातेलं तसंच आत ठेवलं तर त्याचा मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. म्हणून एका वेळच्या छोट्या डब्यांत भरा, उन्हाळ्यात तर शिजल्यापासून तासाभरात, एरवी दोन तासांच्या आत. बटाटा घातला असेल तर फ्रीझरमध्ये तो भुसभुशीत होतो, आईकडचे डबे बिनबटाट्याचे करा. डब्यावर वार लिहून चिकटवा. डबे वरच्या कप्प्यात, तिच्या हाताला येतील असे ठेवा आणि फ्रीझरमधला एक डबा रात्री झोपायच्या आधी खाली फ्रीजमध्ये काढायला सांगा. सकाळी त्याला वरपर्यंत खळखळून उकळी यायला हवी, नुसतं कोमट करून भागत नाही. मीठ त्या वेळी वाटीत. एकदा गरम केलेलं पुन्हा आत ठेवायचं नाही, उरलं तर टाकायचं. तिला टाकवणार नाही, म्हणून डबेच लहान घ्या.